हत्तीरोगाच्या जंताची ओळखपरेड : प्रतिजनांच्या शोधाची दीडशे वर्षं

आजचा विषय जंतांचा आहे. पोटातल्या जंतांबद्दल आपण सगळे थोडंफार जाणतो, पण आज ज्याच्याबद्दल बोलायचं आहे तो जंत पोटात राहत नाही. तो आपल्या लसीकावाहिन्यांत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या जोडीने अंगभर पसरलेल्या त्या बारीक नळ्यांत राहतो. त्याचं शास्त्रीय नाव वुचेरेरिया बँक्रॉफ्टी. त्याच्यामुळे होतो तो हत्तीरोग, विदर्भात ज्याला सरळ हत्तीपाय म्हणतात. पायाला सूज येते, ती वाढत जाते, कातडी जाड आणि खरखरीत होते. पुरुषांमध्ये अंडवृद्धी होते. या रोगाने माणूस सहसा मरत नाही. पण शेतात उभं राहता येत नाही, चप्पल पायात जात नाही, लग्न जमत नाही.

या जंताला शरीर कसं ओळखतं, आणि शरीराच्या त्या ओळखीचा आपल्याला काय उपयोग करून घेता आला, एवढंच आज सांगणार आहे. यात दोन प्रश्न आहेत. पहिला, एखाद्याच्या अंगात हा जंत आहे की नाही हे कसं कळणार? दुसरा, जंत अंगात घुसण्याआधीच त्याला अडवता येईल का, म्हणजे लस करता येईल का? पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी मिळालेलं आहे. दुसऱ्याचं अजून मिळालेलं नाही. असं का झालं, ते बघू.

जुन्या नोंदी

रोग जुना आहे. सुश्रुतसंहितेत तो श्लीपद या नावाने येतो. जिथे जुनं साठलेलं पाणी फार आणि सगळ्या ऋतूंत गारवा, अशा प्रदेशात श्लीपद विशेष होतो, असं आपल्या आयुर्वेदाच्या ग्रंथांनी नोंदवून ठेवलं आहे. डासाचं नाव नाही, पण डासाचं घर मात्र बरोबर सांगितलेलं आहे.

सोळाव्या शतकाच्या शेवटी यान हुइखेन व्हान लिन्सखोटन नावाचा डच माणूस गोव्यात पोर्तुगीज आर्चबिशपकडे नोकरीला होता. त्याचं प्रवासवर्णन १५९६ मध्ये छापलं गेलं. त्यात गुडघ्याखाली हत्तीसारखा पाय झालेल्या लोकांचं वर्णन आहे, आणि संत थॉमसला मारणाऱ्यांच्या वंशजांना लागलेला हा शाप आहे, अशी लोकांत चालणारी कथाही आहे. रोगाचं कारण दिसत नसलं की माणूस शापाकडे वळतो. आजही गावात गेलात तर असं काहीतरी ऐकू येईल.

खरं कारण दिसायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. १८६३ मध्ये पॅरिसमध्ये देमार्के या शल्यचिकित्सकाला क्युबाहून आलेल्या एका रुग्णाच्या अंडवृद्धीच्या पाण्यात सूक्ष्म अळ्या दिसल्या. १८६६ मध्ये ब्राझीलमधल्या बाहिया इथे ओटो वुचेरर यांना त्या लघवीत दिसल्या. १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमोथी लुईस यांनी त्या माणसाच्या रक्तात पाहिल्या. १८७६ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला जोसेफ बँक्रॉफ्ट यांना पूर्ण वाढलेला जंत सापडला. जंताच्या नावात वुचेरर आणि बँक्रॉफ्ट दोघेही आहेत. लुईस मात्र नावातून राहून गेले.

१८७७ मध्ये चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी आपल्याच माळ्याला डास चावू दिले. या माळ्याच्या रक्तात अळ्या होत्या. मग त्यांनी त्या डासांची पोटं फाडून पाहिली, आणि अळ्या डासात वाढतात हे त्यांना दिसलं. एखादा रोगजंतू कीटकात वाढतो हे सिद्ध करणारं हे सुरुवातीचं काम. मलेरियावर रोनाल्ड रॉस यांनी जे केलं त्याची दिशा इथूनच मिळाली. अर्थात मॅन्सन यांची समजूत अशी होती की डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला लागण होते. अळ्या डासाच्या सोंडेतून शिरतात हे १९०० मध्ये जॉर्ज लो यांनी दाखवलं.

मॅन्सन यांची आणखी एक गोष्ट आपल्या विषयासाठी फार महत्त्वाची आहे. या अळ्या, ज्यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात, दिवसा रक्तात जवळजवळ सापडत नाहीत. त्या फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून बसतात. रात्री दहा ते दोनच्या सुमारास त्या हातापायांच्या वरवरच्या रक्तात येतात, कारण त्यांना वाहून नेणारा क्युलेक्स डास रात्री चावतो.

रात्रीचं रक्त

आता याचा व्यवहारात अर्थ काय होतो बघा. ज्या माणसाच्या अंगात जंत आहे की नाही हे बघायचंय, त्याला रात्री झोपेतून उठवायचं, बोटाला टोचायचं, काचपट्टीवर रक्ताचा जाड थर करायचा आणि तो रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. भारत सरकारचा राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून हेच चालत आलं. आपल्याकडे नागपूर, वर्धा, चंद्रपूर, भंडारा, गडचिरोली या पट्ट्यात ज्यांनी लहानपण काढलंय त्यांना रात्री घरोघर फिरणारी हत्तीरोग विभागाची माणसं आठवत असतील. त्यासाठी रात्र चिकित्सालयंही निघाली.

ही पद्धत स्वस्त आहे आणि अळी दिसली तर शंकेला जागा नाही. पण तिच्या मर्यादा मोठ्या आहेत. एक तर रात्रीचं काम. लोक दार उघडत नाहीत, कर्मचारी कंटाळतात. दुसरं, अळ्या थोड्या असतील तर एका थेंबात सापडतीलच असं नाही. आणि तिसरं, ज्याचा पाय सुजलेला आहे त्याच्या रक्तात बहुतेकदा अळ्या नसतातच! उलट ज्याच्या रक्तात अळ्यांचा सुळसुळाट आहे तो माणूस ठणठणीत असतो. तो म्हणतो, ‘मला काय झालंय? मी गोळ्या कशाला खाऊ?’ आणि डास त्याच्याकडूनच रोग गावभर नेत असतो.

ही विसंगती लक्षात ठेवा. पुढे ती परत येणार आहे.

शरीराला विचारलेला प्रश्न

अळी दिसत नसेल तर शरीरालाच विचारावं, अशी कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली. शरीरात परकं काही शिरलं की त्याचा जो भाग शरीर ओळखतं त्याला अँटिजेन किंवा प्रतिजन म्हणायचं. त्याच्याविरुद्ध शरीर जी प्रथिनं तयार करतं ती अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंड. मग जंताचा अर्क घ्या, रुग्णाच्या रक्तद्रवाशी त्याची गाठ घाला, आणि प्रतिक्रिया होते का ते बघा. कृमींच्या बाबतीत हे पहिल्यांदा हायडॅटिड या फीतकृमीच्या आजारात झालं. १९०६ मध्ये गेदिनी यांनी इटलीत रक्ताची चाचणी केली, आणि १९११ मध्ये कासोनी यांनी त्वचेची. कातडीत गळूचं पाणी टोचायचं आणि गांधी उठते का ते पाहायचं.

या कथेत आता मुंबई येते. नील हॅमिल्टन फेअरली नावाचे ऑस्ट्रेलियन डॉक्टर पहिल्या महायुद्धात इजिप्तमध्ये होते. तिथे बिलहार्झिया नावाचा कृमींचा रोग सैनिकांना होत होता. त्याची रक्तचाचणी करायची तर प्रतिजन हवं, आणि पुरेसे जंत कुठून आणणार? फेअरली यांनी लागण झालेल्या गोगलगायींच्या यकृताचा अर्क वापरला, कारण या कृमीच्या अळ्या गोगलगायीत वाढतात. युक्ती चालली. पुढे १९२२ मध्ये ते मुंबईला आले ते उष्णकटिबंधीय रोगांच्या नियोजित शाळेतल्या टाटा प्राध्यापकपदावर. इथे पोचल्यावर कळलं की ती शाळाच रद्द झाली आहे. मग परळच्या मुंबई बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत त्यांची सोय झाली. हीच संस्था १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. तिथे ग्लेन लिस्टन यांच्याबरोबर त्यांनी नारूवर काम केलं. शेवटी त्यांना स्वतःलाच स्प्रू हा पचनाचा विकार जडला आणि ते इंग्लंडला परतले. १९३१ मध्ये त्यांनी हत्तीरोगासाठी रक्ताच्या आणि त्वचेच्या चाचण्यांवर निबंध लिहिला. त्यात प्रतिजन वापरलं होतं कुत्र्याच्या हृदयात राहणाऱ्या डायरोफायलेरिया या जंताचं. त्याच सुमारास पोर्टो रिकोत टालिआफेरो आणि हॉफमन यांनीही तोच जंत वापरून त्वचेची चाचणी केली.

कुत्र्याचा जंत का? कारण माणसाचा जंत मिळतच नाही. वुचेरेरियाची मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब, दोऱ्यासारखी असते आणि माणसाच्या लसीकावाहिनीत वेटोळं करून बसलेली असते. शस्त्रक्रियेत किंवा शवविच्छेदनात चुकून हाती लागली तर लागली. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या प्राण्यांत ती वाढत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी तिच्या नातेवाइकांकडे मोर्चा वळवला. कुत्र्याचा डायरोफायलेरिया, कापूस-उंदरातला लिटोमोसॉइडिस, आणि आपल्याकडे गाई-म्हशींच्या पोटाच्या पोकळीत सापडणारा सेटारिया. कत्तलखान्यातून आणायचा, धुवायचा, वाटायचा, झालं प्रतिजन तयार.

नातेवाईक वापरण्यात गोम अशी की हे सगळे जंत एकमेकांसारखे दिसतात, शरीरालाही. माणसाला साधे आतड्यातले जंत झाले असले तरी त्याची प्रतिपिंडं या अर्काला चिकटायची. त्यातून दुसरी अडचण आणखी मोठी. प्रतिपिंडं जंत मेल्यावरही वर्षानुवर्षं रक्तात राहतात. आणि जिथे रोज डास चावतात तिथे ज्याच्या अंगात एकही जंत वाढला नाही त्याच्याही रक्तात प्रतिपिंडं असतात. म्हणजे चाचणी सांगते की या माणसाची जंताशी कधीतरी भेट झाली आहे. ओडिशा, बिहार किंवा विदर्भातल्या गावात हे सांगायला चाचणी कशाला पाहिजे? डॉक्टरला कळायला हवं ते वेगळंच : आत्ता, या घटकेला, याच्या अंगात जिवंत जंत आहे का?

सेवाग्राममधलं काम

१९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिथल्या जीवरसायनशास्त्र विभागात डॉ. बी. सी. हरिनाथ यांनी हत्तीरोग हा विषय घेतला. आजूबाजूची गावंच हत्तीरोगाची होती, त्यामुळे रुग्ण शोधायला लांब जावं लागणार नव्हतं. तिथेच पुढे जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्र उभं राहिलं.

या मंडळींनी दोन गोष्टी केल्या. पहिली, नातेवाईक सोडून माणसाच्याच जंताकडे ते वळले. मोठा जंत मिळत नाही हे खरं, पण त्याच्या अळ्या तर रक्तात असतात. मग अळ्या असलेल्या माणसांकडून रात्री रक्त घ्यायचं, अळ्या गाळून वेगळ्या करायच्या आणि पोषक द्रवात जिवंत ठेवायच्या. अळी जिवंत असताना त्या द्रवात जे काही सोडते, तिचा मल म्हणा, स्राव म्हणा, ते प्रतिजन म्हणून वापरायचं. वाटलेल्या जंताच्या अर्कापेक्षा हे कितीतरी साफ, कारण माणसाच्या शरीराला प्रत्यक्षात हेच भेटत असतं.

दुसरी गोष्ट, त्यांनी प्रश्न उलटा केला. कालिराज, घिरणीकर आणि हरिनाथ यांचा १९७९ चा निबंध आहे तो रुग्णाच्या रक्तात फिरणारं जंताचं प्रतिजन शोधण्याबद्दल. जंत जिवंत असेल तर तो काहीतरी टाकत राहणार, आणि मेला तर ते थांबणार, असा त्यामागचा विचार आहे.

या कामाला एलायझा नावाच्या तंत्राचा फार आधार मिळाला. १९७१ मध्ये स्टॉकहोमला एंगवाल आणि पेर्लमन यांनी, आणि स्वतंत्रपणे हॉलंडमध्ये, हे तंत्र निघालं. प्रतिपिंडाला एखादं विकर जोडायचं आणि विकराने रंग बदलला की समजायचं, जे शोधत होतो ते सापडलं. त्यासाठी लागणारी विकरं महागडी. सेवाग्रामला पेनिसिलिनेज वापरलं. स्टार्च आणि आयोडीन मिळून निळा रंग होतो हे आपण शाळेत शिकलो. पेनिसिलिनेज पेनिसिलिन फोडतं, त्यातून जे निघतं ते आयोडीन खाऊन टाकतं, आणि निळा रंग जातो. निळा गेला तर लागण आहे. तपासणी करणाऱ्याला मोठं यंत्र नको, डोळ्यांनी दिसतं. गावातून रक्त आणायलाही त्यांनी गाळणकागद वापरला. बोट टोचा, कागदावर ठिपका घ्या, वाळवा, आणि प्रयोगशाळेत घेऊन या.

जंताची धूळफेक

मघाची विसंगती आता उलगडते. एरिक ओटेसेन या अमेरिकन संशोधकाने १९७० च्या दशकात पॅसिफिकमधल्या एका बेटावर पाहिलं की ज्यांच्या रक्तात अळ्या आहेत त्यांच्या रोगप्रतिकारक पेशी फायलेरियाच्या प्रतिजनाला दादच देत नाहीत. इतर प्रतिजनांना देतात, याला नाही. पुढे मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्राबरोबर झालेल्या कामातून १९८५ मध्ये कळलं की अशा लोकांत आयजीजी४ नावाच्या प्रकारची प्रतिपिंडं प्रचंड असतात. ही प्रतिपिंडं जंताला चिकटतात पण मारत नाहीत, आणि मारू शकणाऱ्यांची वाट अडवतात. वाड्याच्या दारात आपलाच एक मवाळ पहारेकरी बसवून चोराने आत राहावं, तसं काहीसं.

म्हणजे ठणठणीत दिसणाऱ्याने जंताशी तह केलेला आहे. सुजलेल्या पायाच्या माणसात तो तह मोडलेला असतो, शरीर जोरात लढतं, जंत मरतात, त्या धुमश्चक्रीत आणि नंतर होणाऱ्या जिवाणूंच्या लागणीत लसीकावाहिन्यांची वाट लागते. गावात तिसराही एक गट असतो. आयुष्यभर तेच डास चावलेले, पण अळ्याही नाहीत आणि सूजही नाही. त्यांना स्थानिक निरोगी म्हणतात. लसवाल्यांचं सगळं लक्ष या तिसऱ्या गटाकडे आहे. त्यांच्याकडे मी येतोच.

कार्डवरची रेघ

१९७५ मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडं हवी तेवढी बनवायची रीत काढली. आता जंताच्या एका नेमक्या प्रतिजनाला पकडणारं प्रतिपिंड मिळू शकत होतं. अमेरिकेत सेंट लुईसला गॅरी वाइल यांच्याकडे ‘एडी१२’ नावाचं असं प्रतिपिंड तयार झालं. ते मुळात कशाविरुद्ध बनलं होतं माहीत आहे? कुत्र्याच्या त्याच हृदयजंताविरुद्ध! ऑस्ट्रेलियात मोर आणि कोपमन यांनी १९९० मध्ये दुसरं काढलं, ते गाई-बैलांच्या ऑन्कोसर्का जंताविरुद्ध. दोन्ही माणसाच्या वुचेरेरियाचं फिरतं प्रतिजन अचूक पकडतात. फेअरलींच्या काळात नातेवाइकांमुळे घोटाळा झाला होता. इथे नातेवाइकांच्या गोतावळ्यातून एकच ओळखीची खूण निवडता आली, म्हणून तीच नाती कामी आली.

१९९७ पर्यंत हे तंत्र एका कार्डवर आलं. गरोदरपणाच्या चाचणीसारखं. बोटातून शंभर मायक्रोलिटर रक्त घ्या, कार्डवर टाका, दहा मिनिटांनी दुसरी रेघ आली की जंत आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे हे दिवसाढवळ्या करता येतं. अळ्या रात्री फिरतात, पण मोठ्या जंताचं हे प्रतिजन चोवीस तास रक्तात असतं. फक्त घड्याळ सांभाळायचं. दहा मिनिटांनंतर उशिरा पाहिलं तर जंत नसतानाही पुसट रेघ उमटते. शिबिरात रांग मोठी असली की नेमकी हीच चूक होते. पुढे २०१३ च्या सुमारास कार्डची जागा जास्त टिकाऊ आणि कमी रक्त लागणाऱ्या पट्टीने घेतली.

ही चाचणी सर्वगुणसंपन्न नाही. हत्तीरोगाचा दुसरा जंत, ब्रुगिया मलाई, जो आपल्याकडे मुख्यतः केरळात आढळतो, तो तिला दिसत नाही. त्याच्यासाठी मलेशियात रहमा नूरदीन यांच्या गटाने प्रयोगशाळेत बनवलेलं प्रतिजन वापरून आयजीजी४ शोधणारी चाचणी काढली. म्हणजे ज्या आयजीजी४ च्या आडून जंत लपतो, तेच त्याची चुगली करतं. तिकडे मध्य आफ्रिकेत लोआ लोआ नावाचा डोळ्यातला जंत आहे, त्याची लागण फार असेल तर ही पट्टी फसते.

शाळेतली सहा-सात वर्षांची मुलं

चाचणी आली आणि त्याच वर्षी, १९९७ मध्ये, जागतिक आरोग्य सभेने हत्तीरोगाचं दुरीकरण करायचा ठराव केला. त्या सुमारास जगात बारा कोटींवर लोकांना लागण होती आणि चार कोटी लोक सूज किंवा अंडवृद्धी घेऊन जगत होते. औषध तर १९४७ पासूनच होतं : डीईसी. ते निघालं त्या लेडर्ली कंपनीतल्या संशोधनाचे प्रमुख होते आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव. नवं ठरलं ते असं की, रुग्ण शोधत बसण्यापेक्षा सगळ्या गावाला वर्षातून एकदा गोळ्या द्यायच्या, किमान पाच वर्षं, आणि किमान ६५ टक्के लोकांनी त्या खरोखर गिळायच्या.

मग थांबायचं कधी? इथे प्रतिजनाची चाचणी लागते. शाळेतली सहा-सात वर्षांची मुलं निवडायची. ती गोळ्यांची मोहीम सुरू झाल्यानंतर जन्मलेली किंवा वाढलेली. त्यांच्या रक्तात प्रतिजन सापडलं तर रोग गावात अजून पसरतोय. आपल्यासारख्या भागात ते दोन टक्क्यांखाली असल्याचं सर्वेक्षणात दिसलं तर सामूहिक गोळ्या थांबवता येतात. रात्री रक्त घ्यायच्या पद्धतीने मुलांचं असं सर्वेक्षण करायचं म्हटलं असतं तर कोणत्या आईने मूल उठवू दिलं असतं?

भारताची मुदत बऱ्याचदा पुढे गेली. आधी २०१५ होती, आता २०२७ आहे. २०१८-१९ मध्ये डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या जोडीला आयव्हरमेक्टिन देऊन तीन औषधांची पद्धत निवडक जिल्ह्यांत सुरू झाली. महाराष्ट्रात त्याचा मान नागपूरला मिळाला, जानेवारी २०१९ मध्ये.

मग लस का नाही?

आता दुसरा प्रश्न. इतकी प्रतिजनं सापडली, तर त्यातलंच एखादं टोचून लस का होत नाही?

पहिली गोष्ट, जे प्रतिजन निदानाला चांगलं ते संरक्षणाला चांगलं असेलच असं नाही. निदानासाठी असं हवं की जे मुबलक आहे, रक्तात टिकतं, आणि जंत ते सतत बाहेर टाकतो. शरीराने त्याच्यावर कितीही प्रतिपिंडं सोडली तरी जंताला त्याचं सुखदुःख नाही. संरक्षणासाठी हवं ते डास चावताना शिरणाऱ्या अळीच्या अंगावरचं, जिथे मारलं तर तिला लागेल असं.

जंतांची लस अशक्य आहे असंही नाही. १९५९ मध्ये ग्लासगोच्या शास्त्रज्ञांनी गुरांच्या फुप्फुसजंताच्या अळ्यांना क्ष-किरण देऊन दुबळं केलं आणि त्या तोंडावाटे दिल्या. ती लस विकली गेली. आपल्याकडे काश्मीरमध्ये मेंढ्यांसाठी याच धर्तीची लस झाली. ऑस्ट्रेलियात २०१४ पासून मेंढ्यांच्या रक्तपिप्या जंतावर लस आहे. त्यात जंताच्या आतड्याच्या अस्तरातली प्रथिनं वापरतात. मेंढीचं रक्त जंत पितो आणि त्या रक्तातली प्रतिपिंडं त्याचं आतडं बिघडवतात. डुकरांच्या फीतकृमीवरची लस हैदराबादमध्ये बनते.

पण माणसाला जिवंत अळ्या कोण टोचणार? आणि प्रयोगशाळेत बनवलेलं प्रथिन टोचायचं तर वेगळाच धोका. २००८ च्या सुमारास ब्राझीलमध्ये अंकुशकृमीच्या लसीची चाचणी झाली. प्राण्यांत आणि अमेरिकेतल्या, कधी जंत न झालेल्या स्वयंसेवकांत सगळं ठीक होतं. ब्राझीलच्या गावात मात्र काहींच्या अंगावर ताबडतोब पित्ताच्या गांधी उठल्या. त्यांना आधी जंत झालेले असल्यामुळे त्या प्रथिनाविरुद्ध आयजीई हे ॲलर्जीचं प्रतिपिंड त्यांच्या रक्तात आधीच होतं. चाचणी थांबवावी लागली. ज्यांना लस हवी आहे त्यांचंच शरीर लशीला ॲलर्जीने उत्तर देऊ शकतं, हा धडा तेव्हापासून जंतांच्या लसीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला लक्षात ठेवावा लागतो.

हत्तीरोगात शोध चालू आहे तो मघाच्या तिसऱ्या गटातून, म्हणजे स्थानिक निरोगी लोकांतून. त्यांचा रक्तद्रव अळीच्या कोणत्या प्रथिनांना पकडतो ते पाहायचं आणि ती प्रथिनं बनवायची. सेवाग्रामच्या सुरुवातीच्या कामातले कालिराज पुढे चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात गेले. तिथे अशी प्रथिनं तपासली गेली, निदानासाठीही आणि लसीसाठीही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात रामस्वामी कल्याणसुंदरम यांच्या गटाने अशी काही प्रथिनं एकत्र जोडून लस केली. उंदरांत संरक्षण चांगलं मिळालं, माकडांत अंशतः. माणसांसाठी वापरता येईल अशी लस अजून नाही.

आता प्रश्नोत्तरं घेऊ.

प्रश्न : पाय आधीच सुजलाय, चाचणी मात्र निगेटिव्ह आली. म्हणजे हत्तीरोग नाही का?

तसं समजू नका. जंत मेले असतील तर प्रतिजन जातं, पण बिघडलेल्या लसीकावाहिन्या तशाच राहतात. अशा माणसाला मुख्य गरज पायाच्या निगेची आहे. रोज साबण-पाण्याने पाय धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणं, जखमेला मलम, पाय उंच ठेवणं, व्यायाम. याने ताप येऊन पाय लाल होण्याचे झटके खूप कमी होतात. अंडवृद्धी असेल तर शस्त्रक्रिया आहे.

प्रश्न : मला काही त्रास नाही. चाचणी करून घेऊ आणि जंत सापडला तरच गोळ्या खाऊ, असं चालणार नाही का?

तुमच्या एकट्यासाठी ते पटण्यासारखं आहे. पण दीड-दोन लाखांच्या तालुक्यात प्रत्येकाची चाचणी करण्यापेक्षा वर्षातून एकदा गोळ्या देणं सोपं आणि स्वस्त पडतं. शिवाय लागण अगदी नवी असेल, जंत पूर्ण वाढलेला नसेल, तर पट्टीलाही दिसत नाही. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया आणि खूप आजारी माणसं सोडून बाकी सगळ्यांनी आरोग्य कर्मचाऱ्यासमोर, काहीतरी खाऊन, गोळ्या घ्यायच्या. घेतल्यावर थोडा ताप, अंगदुखी आली तर ती बहुतेकदा मरणाऱ्या अळ्यांची असते. म्हणजे तुमच्या अंगात अळ्या होत्या.

प्रश्न : लस आली नाही तर हा रोग जाईल का?

चीनने लसीशिवाय घालवला. त्यांनी डीईसी मिठात मिसळूनही दिलं होतं. २००७ मध्ये तिथे दुरीकरण झाल्याचं मान्य झालं. श्रीलंकेने २०१६ मध्ये करून दाखवलं. तेव्हा जाऊ शकतो. पण या दोन्ही देशांत अखेरच्या टप्प्यात रक्त तपासणं सोडलं नव्हतं. आपल्याकडे गोळ्या थांबल्या की तपासणीही ढिली पडते, आणि उरलेले चार-दोन जण कोण आहेत ते कळत नाही. शाळेत पुढच्या वेळी पट्टी घेऊन कोणी आलं, तर आपल्या मुलाचं बोट पुढे करा, एवढीच विनंती.